व्हायोलिनच्या पोटातली चिठ्ठी

आमच्या घरी एक स्ट्रॅडिव्हेरियस आहे.

दचकू नका. हे वाक्य मी पहिल्यांदा चौथीत असताना वर्गात फेकलं होतं आणि त्याचा कुणावर काडीचाही परिणाम झाला नव्हता, कारण ते काय असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबा बँकेत होते. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन तासभर व्हायोलिन वाजवायचे. त्या व्हायोलिनच्या इंग्रजी 'एफ'सारख्या भोकाला एक डोळा लावून आत पाहिलं की पोटात चिकटवलेली एक पिवळट चिठ्ठी दिसायची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत स्ट्रॅडिव्हेरियस हे नाव छापलेलं. पुढे कधीतरी पेपरात वाचलं की अशा एका व्हायोलिनला लिलावात कोट्यवधी रुपये मिळाले, आणि मग मात्र माझी झोप उडाली. आपण कोट्यधीश आहोत आणि आपले वडील दर महिन्याला वाण्याच्या वहीतले आकडे तपासत बसतात! बाबांना विचारलं तर ते नुसते हसले.

गेल्या महिन्यात दोन दिवस घरी गेलो होतो. बाबांची बोटं आता आखडतात, व्हायोलिन बहुतेक वेळ पेटीतच असतं. सहज बाहेर काढलं आणि मोबाईलचा टॉर्च भोकातून आत मारला. लहानपणी कधीच न दिसलेल्या दोन ओळी दिसल्या. नावाच्या वर बारीक अक्षरांत 'कॉपी ऑफ' आणि सगळ्यात खाली 'मेड इन जर्मनी'.

खरं सांगतो, हसू आलं नाही. बाबा आत झोपले होते. पेटी गुपचूप जागेवर ठेवली आणि लॅपटॉप उघडून बसलो.

तर झालं असं की अशा चिठ्ठ्यांची व्हायोलिनं जगात ढिगाने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनी, बोहेमिया आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी ती बनवली. चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की हे व्हायोलिन स्ट्रॅडिव्हेरियसच्या घाटाचं आहे. पण हे शोधता शोधता एका माणसाशी गाठ पडली आणि त्याने माझे पुढचे तीन विकांत खाल्ले. त्याचं नाव ज्याँ-बाप्तिस्त व्हियोम. (उच्चाराच्या बाबतीत फ्रेंच येणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.) नक्कल करण्यात याचा हात धरणारा त्या शतकात क्वचितच कुणी असेल.

व्हियोम १७९८ साली फ्रान्सच्या पूर्वेला व्होज भागातल्या मिरकूर या गावी जन्मला. मिरकूर म्हणजे व्हायोलिनवाल्यांचं गाव. घराघरात हाच धंदा, आणि याचं घराणंही त्यातलंच. १८१८ मध्ये पोरगा पॅरिसला आला आणि फ्राँस्वा शानो नावाच्या माणसाकडे कामाला लागला. हे शानोसाहेब मूळचे नौदलातले इंजिनियर. त्यांच्या मते व्हायोलिनचा आकारच चुकीचा होता, म्हणून ते कोपरे काढून टाकलेली, गिटारसारखी दिसणारी व्हायोलिनं बनवत. (प्रत्येक ऑफिसात एक असा आर्किटेक्ट असतोच. चालू असलेली सिस्टीम त्याला बघवत नाही.) ती व्हायोलिनं फारशी चालली नाहीत. व्हियोम तिथून सिमाँ लेते नावाच्या ऑर्गन बनवणाऱ्याकडे गेला, पुढे त्याचा भागीदार झाला आणि १८२८ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं.

आता त्याच्यापुढे प्रश्न होता गिऱ्हाइकाचा. पॅरिसच्या वादकांना हवी होती जुनी इटालियन व्हायोलिनं, क्रेमोना गावची. नवीन, चकचकीत व्हायोलिन कितीही चांगलं असो, लोक नाक मुरडायचे. तेव्हा व्हियोमने १८२७ च्या सुमारास ठरवलं, की जुनंच बनवायचं! नुसता आकार नाही. स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनवर शंभर वर्षं हनुवटी टेकून जिथे रोगण उडालं होतं, तिथेच याच्याही व्हायोलिनवर उडालेलं. तळहात लागून जिथे रंग फिका पडला होता, तिथेच फिका. ओरखडे सुद्धा जागच्या जागी.

इथे मी वाचता वाचता थांबलो, कारण हे काम माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे.

गेली दोन वर्षं मी एका मायग्रेशनवर आहे. तीस वर्षांपूर्वीची एक पगारपत्रकाची सिस्टीम नव्या प्लॅटफॉर्मवर आणायची. अट एकच, 'जसं आहे तसं'. तेच आकडे, तेच रिपोर्ट, आणि काही ठिकाणी तर तेच बग, कारण वर्षानुवर्षं लोकांनी त्या बगांना धरून आपली कामं बेतलेली आहेत. एका ठिकाणी पैसे चुकीचे राउंड होतात. आम्ही ते मुद्दाम, टेस्ट लिहून, तसेच चुकीचे राउंड केले. उडालेलं रोगण! अप्रेझलच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'या वर्षी तुम्ही नवीन काय निर्माण केलं?' यंदा तो रकाना मी आठवडाभर कोरा ठेवला होता. बारा वर्षं नोकरी झाली आणि आपलं असं म्हणावं असं काहीच नाही, हा किडा डोक्यात होताच. त्यात बाबांच्या व्हायोलिनमधली ती चिठ्ठी.

असो. व्हियोमकडे वळू.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पागानिनीची. पागानिनीकडे ग्वारनेरी देल जेझूने १७४३ साली बनवलेलं व्हायोलिन होतं, आवाज इतका मोठा की त्याने त्याचं नावच 'तोफ' ठेवलेलं, 'इल कानोने'. १८३३ मध्ये ते दुरुस्तीसाठी व्हियोमकडे आलं. व्हियोमने दुरुस्ती केलीच, आणि शेजारी एक हुबेहूब नक्कलही बनवली. सांगतात की दोन्ही समोर ठेवल्यावर खुद्द पागानिनीला आपलं कोणतं ते डोळ्यांनी ओळखता येईना. वाजवून पाहिलं तेव्हा कुठे फरक कळला. ती नक्कल पुढे त्याच्या शिष्याकडे, कामिल्लो सिवोरीकडे गेली, आणि सिवोरी ती मैफिलींत वाजवत राहिला. आज तोफ आणि तिची नक्कल, दोन्ही जेनोआ शहराने जपून ठेवली आहेत.

हे नुसत्या नजरेने होत नाही. फेलिक्स सावार नावाचा भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा ध्वनीवर प्रयोग करत होता आणि व्हियोम त्याला जुनी वाद्यं पुरवायचा. वाद्याची वरची फळी आणि मागची फळी सुटी करून, कंप देऊन, प्रत्येकीचा सूर कोणता लागतो ते त्यांनी तपासलं. चांगल्या जुन्या व्हायोलिनांत मागच्या फळीचा सूर वरच्या फळीपेक्षा अर्ध्या ते एका स्वराने चढा असतो, असं सावारला आढळलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कारागिराने कुठलंही डॉक्युमेंटेशन न ठेवता जे केलं होतं, ते हे दोघे उलट्या बाजूने वाचत होते. याला आमच्याकडे रिव्हर्स इंजिनियरिंग म्हणतात आणि ते येणाऱ्या माणसाला सहसा कुणी नकलाकार म्हणत नाही.

बरं, हा गडी नुसता नकलाकारही नव्हता. त्याने पोकळ पोलादी गज काढला. वादकाला केस स्वतःच बदलता येतील असाही गज काढला. आणि १८५० च्या सुमारास ऑक्टोबास काढला! डबल बासचा बाप. साडेतीन मीटरच्या आसपास उंची, तीन जाडजूड तारा, आणि तारांवर बोटं पोचणं शक्यच नाही म्हणून त्या दाबायला हाताचे दांडे आणि पायाची पेडलं. वाजवणारा चौथऱ्यावर उभा. बेर्लिओझसारख्या संगीतकाराने त्याची तारीफ केली. झालं काय? ऑक्टोबास पॅरिसच्या संगीत संग्रहालयात उभा आहे. २०१६ साली माँट्रियलच्या ऑर्केस्ट्राने एक आपल्या ताफ्यात घेतला, पण तो व्हियोमचा नव्हे. त्याची नक्कल. :)

आणि त्याने केलेल्या नकला? त्या रंगमंचावर आहेत. हिलरी हान ही आजची नामांकित व्हायोलिनवादक अनेक वर्षं जे वाजवत आली ते व्हियोमचं १८६४ चं व्हायोलिन, त्याच 'तोफे'वरून बनवलेलं. ज्यात त्याने स्वतःचं डोकं सगळ्यात जास्त चालवलं ते काचेआड गेलं, आणि ज्यात त्याने स्वतःला पार पुसून टाकलं होतं ते दीडशे वर्षांनंतरही वाजतंय. हे वाचून मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

पण स्वतःला पार पुसलं होतं का? नाही! त्याच्या कारखान्यातून तीन हजारांहून जास्त वाद्यं बाहेर पडली, आणि पुष्कळ वाद्यांच्या पोटात, मागच्या फळीवर, शाईने घातलेला अनुक्रमांक आणि सही सापडते. बाहेरून क्रेमोना, आतून व्हियोम. आता हा प्रामाणिकपणा म्हणायचा की धंद्याची शिस्त, तुम्हीच ठरवा. कारण दुसरी बाजूही आहे. एवढी वाद्यं एकटा माणूस बनवू शकत नाही. दोमिनिक पेकातसारखे पहिल्या प्रतीचे गज बनवणारे कारागीर त्याच्याकडे होते आणि त्यांच्या गजांवर शिक्का मात्र व्हियोमचा. कुणी काय बनवलं हे जाणकार अजून लाकडाच्या कापणीवरून ओळखत बसतात. कमिट एकाचं आणि नाव मॅनेजरचं, हा प्रकार आपण शोधलेला नाही.

नकलेची किंमत त्याला वेगळ्याच जागी मोजावी लागली. लुईजी तारीझिओ नावाचा एक इटालियन होता. खेडोपाडी आणि मठांमध्ये हिंडून तो जुनी वाद्यं स्वस्तात उचलायचा आणि पॅरिसला आणून विकायचा. एका व्हायोलिनबद्दल तो वर्षानुवर्षं बढाया मारायचा, पण ते कधी आणायचा नाही. व्हियोमचा जावई देल्फँ आलार, स्वतः मोठा वादक, वैतागून म्हणाला की हे तर मसीहासारखं झालं, सगळे वाट बघतात आणि तो काही येत नाही. तेच नाव पडलं, 'मसीहा'. १८५४ मध्ये तारीझिओ वारला. बातमी कळताच व्हियोम १८५५ च्या जानेवारीत इटलीला धावला आणि सुमारे ८० हजार फ्रँकांना जवळजवळ दीडशे वाद्यं घेऊन आला. त्यात दोन डझन स्ट्रॅडिव्हेरियस, आणि त्यात १७१६ चं 'मसीहा', जवळपास न वाजलेलं, कोरं करकरीत. ते त्याने १८७५ मध्ये मरेपर्यंत विकलं नाही.

आज ते ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन म्यूझियममध्ये आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शंका निघाली, की एवढं कोरं व्हायोलिन तीनशे वर्षांचं कसं असेल? आणि इतकी वर्षं ते होतं कुणाकडे? तर व्हियोमकडे! मग त्यानेच बनवलं नसेल कशावरून? शेवटी वरच्या फळीच्या लाकडातली वलयं मोजली. सगळ्यात अलीकडचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं आणि वलयांचा क्रम क्रेमोनाच्या इतर वाद्यांशी जुळला. नुसत्या वलयांवरून बनवणारा कोण ते सिद्ध होत नाही, पण बहुतेक जाणकारांचं समाधान झालं. जन्मभर नक्कल इतकी अस्सल केली, की हातात खरं आलं तेव्हा तेही लोकांना त्याचंच वाटलं.

आणि 'खरं' तरी किती खरं? एकोणिसाव्या शतकात मोठ्या सभागृहांसाठी आवाज वाढवायचा म्हणून जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांच्या माना लांब केल्या, मागे कलवल्या, आतली पट्टी जाड केली. हे काम करणाऱ्यांत व्हियोमचा कारखाना आघाडीवर. 'मसीहा'ची मानसुद्धा लांबवलेली आहे. आज आपण स्ट्रॅडिव्हेरियसचा म्हणून जो आवाज ऐकतो, त्यात या दुरुस्तीवाल्यांचा हात आहेच.

रविवारी न राहवून बाबांना फोन केला.

"बाबा, तुमच्या व्हायोलिनवर 'कॉपी ऑफ' लिहिलंय."

"हो. आणि खाली मेड इन जर्मनी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, घेतलं तेव्हाच माहीत होतं. ते गृहस्थ गोव्याचे, मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनीच टॉर्च मारून दाखवलं होतं. म्हणाले, साहेब, नाव खोटं आहे पण माप खरं आहे. यावर हात बसला की उद्या कुठलंही चांगलं व्हायोलिन उचला, बोटाला सूर शोधत फिरावं लागणार नाही."

मी गप्प. स्ट्रॅडिव्हेरियसच्या बहराच्या काळातल्या व्हायोलिनाच्या पोटाची लांबी सुमारे ३५५ मिलीमीटर, आणि आज दुकानात मिळणारं पूर्ण मापाचं व्हायोलिनही जवळपास तेवढंच. अठराव्या शतकात लोकांना स्ट्रॅडिव्हेरियसपेक्षा स्टायनर आणि आमातीची, जरा फुगीर व्हायोलिनं जास्त आवडायची. स्ट्रॅडिव्हेरियसचा घाट जगभर गेला तो व्हियोमसारख्यांच्या नकलांमधून, आणि मग कारखान्यांमधून. असा तो फिरत फिरत आमच्या दोन खोल्यांच्या घरात आला होता.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चौथीत होतास. वर्गात सांगून आला होतास ना? मग कशाला बोलायचं." जरा थांबून म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी येताना तारांचा एक सेट आण. ईची तार तुटलीय."

"पण तुमची बोटं..."

"बोटांचं मी बघतो. तू तार आण."

अप्रेझलचा रकाना सोमवारी भरला. 'तीस वर्षं कुणी न उघडलेली सिस्टीम वाचली आणि तशीच चालू ठेवली', असं लिहिलं. मॅनेजर काय म्हणतो बघू. तारांचा सेट घेऊन ठेवलाय, शनिवारी जातोय.