प्रश्न कोणी विचारला?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मुलाखतींवाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब स्वतः हजर होते. हे सारं छापील वृत्तांतांतून कळतं, ठरावही मिळतात. पण परिषदेला निघालेल्या बाईच्या घरी त्या दिवशी चूल कोणी पेटवली, तान्हं मूल कोणाकडे ठेवलं, नवरा काय म्हणाला, हे कोणत्या कागदात शोधायचं? तेव्हा दोघी त्या स्त्रियांपर्यंत पोचल्या, समोर बसल्या, ऐकत राहिल्या. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झालं. बोलणाऱ्या कितीतरी जणी तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे काम आणखी लांबलं असतं, तर त्यातलं बरंच त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

संशोधनाच्या वर्गात मात्र मुलाखतीची निवड पुष्कळदा उलट्या वाटेनं होते. विषय मंजूर होतो, मुदत जवळ येते आणि ‘वीस जणांशी बोलू’ असं ठरतं. बोलता सगळ्यांनाच येतं, त्यामुळे पद्धत सोपी वाटते. तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार-सहा तास सहज जातात, हे पहिली फाइल ऐकायला घेतल्यावर समजतं. शिवाय ‘किती टक्के लोक’ हा प्रश्न असेल, तर वीस मुलाखती कितीही रंगल्या तरी उपयोगाच्या नाहीत. तिथे प्रश्नावली आणि काळजीनं निवडलेला नमुनाच हवा.

लोक प्रत्यक्षात वागतात कसे, हे विचारून कळेल असं मानणंही धोक्याचं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खाणावळी झाल्या. नकार एकाच ठिकाणी मिळाला. पुढे त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांनी उत्तर पाठवलं, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ लिहिलं. हा अभ्यास १९३४ मध्ये छापून आला, आणि नुसत्या विचारपुशीवर विसंबणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा.

मग मुलाखत हवी कशाला? याचं सर्वांत खोल उत्तर इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावातून आलं आहे. इटलीनं नाटोत जाऊ नये म्हणून १७ मार्च १९४९ रोजी तिथले कामगार कारखान्याबाहेर पडले. पोलिसांशी झटापट झाली आणि लुईजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार मारला गेला. तारीख, ठिकाण, कारण, सगळं नोंदलेलं आहे. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी गावातल्या जुन्या कामगारांना बोलतं केलं, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये नेऊन ठेवला. त्या वर्षी मोठी कामगारकपात झाली होती आणि लोक रस्त्यावर उतरून लढले होते.

एखाद्यानं ‘चुकीची माहिती’ म्हणून या मुलाखती बाजूला सारल्या असत्या. पोर्तेल्लींनी चूक कुठे आणि का होते, याकडेच लक्ष दिलं. सोबती मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, ही सल त्या माणसांना सोसवत नव्हती. म्हणून आठवणीनं तो मृत्यू प्रतिकाराच्या वर्षात हलवला. घटना कागदावरून कळली होती, पण ती गावाच्या किती जिव्हारी लागली होती, हे या चुकलेल्या सालानं सांगितलं. मुलाखत निवडायची ती अशा ठिकाणी.

पण उत्तर हे समोर कोण बसलं आहे त्यावरही ठरतं. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकेत सरकारी योजनेतून, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन यांच्याकडे जेसी बटलर ही गोरी बाई गेली, तेव्हा मालक चांगला होता, असं त्यांनी सांगितलं. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकारापुढे त्याच बोलल्या त्या चाबकाच्या फटक्यांबद्दल आणि विकल्या गेलेल्या लेकरांसाठी आक्रोश करणाऱ्या आयांबद्दल.

बटलर यांच्या टिपणात एक अनमोल नोंद आहे. आपण मदत कार्यालयातून आलो आहोत, असा सुझन यांचा समज झाला आणि तो आपण दूर केला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. पोटाचा प्रश्न ज्यांच्या हातात आहे असं वाटतं, त्यांच्यापुढे कुठली म्हातारी जुन्या गोऱ्या मालकाला नावं ठेवील? ती नोंद नसती, तर दोन मुलाखतींतली तफावत वाचणाऱ्याला समजलीच नसती.

आपल्याकडेही वही घेऊन दारात आलेला माणूस कुठल्यातरी योजनेचा असावा, असा समज सहज होतो. सून बोलत असताना सासू उंबऱ्यात बसलेली असते. शेतमजुराशी गप्पा चालू असतात त्या मालकाच्याच ओसरीवर. प्रबंधात ‘इतक्या मुलाखती घेतल्या’ या वाक्याला लागूनच विचारणाऱ्याची जात, गाव, वय, बसण्याची जागा आणि कानाच्या टप्प्यात कोण होतं, एवढं लिहिलं, तर पुढे ते पान उघडणाऱ्याला उत्तरांचं वजन जोखता येईल.