वाचनालयाचा ओटा

आमच्या घरात जेवणाचे टेबल आहे. परंतु गेली साडेचार वर्षे आम्ही जमिनीवर पाट मांडून जेवतो. आम्ही जुन्या वळणाचे आहोत असा याचा अर्थ नव्हे. टेबल आमच्या कन्येने व्यापले आहे. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. (त्याला वास्तुशास्त्र म्हणायची सोय राहिलेली नाही. एकदा मी तसे म्हणालो, तर शेजारच्या काकू आपले स्वयंपाकघर आग्नेयेला हवे की पूर्वेला, हे विचारायला तिच्याकडे आल्या.) टेबलावर माउंट बोर्डाचे तुकडे, कटर, फेव्हिकॉल, पोलादी पट्ट्या आणि बटर पेपरची भेंडोळी यांचे राज्य असते. एकदा माझ्या आमटीत झाड निघाले. हिरव्या स्पंजाचे, दोन सेंटीमीटर उंच. मी ते धुऊन तिला परत केले, तेव्हा 'बरं झालं सापडलं, हे पिंपळाचं होतं' एवढेच ती म्हणाली.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. इमारतीशी माझा संबंध येतो तो वर्ग कोणत्या मजल्यावर आहे एवढ्यापुरता. त्यामुळे पहिली चार वर्षे तिच्या अभ्यासाकडे मी कौतुकाने आणि काहीसा दुरूनच पाहिला. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला मात्र स्वतःच्या पसंतीची एक सार्वजनिक इमारत घ्यायची होती, आणि तिने निवडले आमच्या तालुक्याच्या गावचे सार्वजनिक वाचनालय. मला धन्य वाटले. मी माझे सगळे बाळपणीचे वाचन तिथे केले, हे मी अनेक भाषणांतून सांगितले आहे. ते भाषण आता माझे पाठ झाले आहे, आणि गावालाही.

शिवाय यात माझा थोडा स्वार्थ होता. हे कौलारू वाचनालय पाडून तिथे नवी इमारत बांधायचे चालकांच्या मनात आहे. गावचा प्राध्यापक म्हणून त्यांनी मला बांधकाम समितीवर घेतले आहे. नकाशाही तयार आहे : खाली रस्त्याला लागून आठ गाळे, पहिल्या मजल्यावर वाचनालय, त्यावर सभागृह. गेल्या वर्षी वर्धापनदिनाला मी या नकाशाची तोंड भरून स्तुती केली. 'ज्ञानाचे मंदिर उंचावरच शोभते,' असे एक वाक्य मी त्या भरात बोलून गेलो. टाळ्या बऱ्या पडल्या. ते वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मे महिन्यात आम्ही तिघे गावी गेलो. मी, कन्या आणि माझी आई. मला वाटले, ही मुलगी टेप घेऊन इमारत मोजेल. इमारत तिने तासाभरात मोजली आणि मग समोरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन जी बसली, ती सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत. वाचनालयाला पुढच्या बाजूने लांबलचक दगडी ओटा आहे. त्यावर कोण बसते, किती वेळ बसते, कोणाकडे तोंड करून बसते, याची ती टिपणे घेत होती. दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा तिने मला विल्यम व्हाइट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाची हकिकत सांगितली. या माणसाने १९७० च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून तिथल्या माणसांचे बसणे-उठणे टिपले आणि १९८० मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्याला असे दिसले की, आर्किटेक्टांनी थाटामाटात बांधलेले कित्येक चौक ओस पडलेले असतात, आणि जिथे टेकायला बऱ्या उंचीची पायरी किंवा कठडा असतो तिथे माणसे दाटीवाटीने बसतात.

'एवढं कळायला अमेरिकेत कॅमेरे लावावे लागले?' मी म्हणालो.

'तुम्हाला कॅमेऱ्याशिवाय कळलं होतं का, बाबा?'

डबा तिच्या हातात देऊन मी घरी आलो.

रात्री तिने वही दाखवली. आत दिवसभर वर्तमानपत्र वाचणारे पेन्शनर आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण. मुली आल्या त्या पुस्तक बदलून उभ्याउभ्या परत गेल्या. बसल्या का नाहीत? तिने त्यांनाच विचारले होते. स्वच्छतागृह एकच, तेही मागच्या बोळात, आणि त्याची कडी मोडलेली. ओट्यावर मात्र सगळे गाव येऊन गेले होते : एस.टी.ची वाट पाहणाऱ्या बाया, दप्तरे टाकून भेळ खाणारी पोरे, दुपारी आडवा झालेला हमाल, औषधाची पिशवी घेऊन दम खाणारे म्हातारे जोडपे. नव्या नकाशात ओटा नाही. ओट्याच्या जागी गाळ्यांची शटरे आहेत.

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. कन्येने सहज विचारले, 'आजी, तू कधी आत गेली होतीस का गं?'

इथे थोडे मागे जायला हवे. आम्ही राहायचो तालुक्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात. गुरुवारी बाजार. आई मला घेऊन बाजाराला यायची, मला वाचनालयात सोडायची आणि साडेपाचच्या गाडीपर्यंत मी आत पुस्तकात डोके घालून बसायचो. 'माझी आई मला वाचनालयात आणून सोडत असे,' हे वाक्य माझ्या भाषणात असतेच. ती सोडत असे. मग कुठे जात असे, हे मी कधी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

'आत कशाला जाऊ?' आई म्हणाली. 'आत सगळी पुरुषमाणसं. चपला काढायच्या, त्या उंच पायऱ्या चढायच्या, आणि सगळ्यांच्या पुढ्यातून जाऊन बसायचं कुठं? मी आपली ओट्यावर बसायची पिशव्या घेऊन.'

'पण वाचावंसं वाटायचं का?'

'सातवी शिकलेली होते की मी. शेजारी मिरचीवाली बसायची. तिच्याकडे पुड्या बांधायला रद्दी असायची, ती वाचायचे. एकदा दिवाळी अंकाची पानं होती. चांगली गोष्ट होती. एक सून घर सोडून जाते, आणि सासरा तिला आणायला स्टँडवर जातो. एवढं वाचलं आणि पुढचं पान मिरच्यांबरोबर गेलं बघ.' लसणाची पाकळी तिने ताटलीत टाकली. 'ती परत आली का नाही कोण जाणे.'

म्हणजे सुमारे १९८७-८८ ची ही गोष्ट. तिच्यापासून दहा पावलांवर, भिंतीच्या आत, दिवाळी अंकांचे बांधलेले गठ्ठे होते. आणि मी होतो. आज मी एम.ए.च्या वर्गाला कथा शिकवतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुण्याला परतल्यावर कन्या कामाला लागली आणि मी तिच्याशी वाद घालू लागलो. वाद घालायला मला निमित्त होते : समितीवर माझी सही होती. मी म्हणालो, 'मुंबईचा टाउन हॉल बघ. १८३३ ची इमारत, तीस पायऱ्या आहेत तिला. कसा भारदस्त दिसतो!' ती म्हणाली, 'त्या पायऱ्यांवर लोक निवांत बसतात, म्हणून मलाही त्या आवडतात. पण आजी चढेल का?' मग तिने पेन्सिल घेतली. सार्वजनिक इमारतीत पायरी १५ सेंटीमीटरांहून उंच असू नये आणि पाऊल ठेवायला ३० सेंटीमीटर तरी जागा हवी. खालचा मजला ३ मीटर ६० सेंटीमीटरांचा धरला, तर वाचनालयात पोचायला चोवीस पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते; म्हणजे ४३ मीटरांहून लांब उतार, शिवाय मध्येमध्ये विसाव्याच्या सपाट जागा. एवढी आमची जागाच लांब नाही. लिफ्ट नकाशात आहे, पण 'भविष्यकालीन तरतूद' म्हणून. म्हणजे एक रिकामा चौकोन. अपंगांना सार्वजनिक इमारतीत जाता आलेच पाहिजे, असे सांगणारा कायदा २०१६ मध्येच झालेला आहे.

'आणि बाबा, पुस्तकं उंचावर शोभतात म्हणालात ना? ती फार जड असतात हो.' पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे ६०० किलो वजन पेलेल अशी करावी लागते. नुसती बसून वाचायची खोली असेल तर त्याहून बरेच कमी पुरते. म्हणजे पुस्तके वर नेण्यात तुळयांचा आणि खांबांचा खर्च वाढतो. ज्ञान वजनदार असते हे मी लाक्षणिक अर्थाने पुष्कळदा बोललो होतो. त्याचे किलो मला कोणी सांगितले नव्हते.

तिचा आराखडा ओट्यापासून सुरू झाला. वाचनालय तळमजल्यावर, जमिनीपासून अवघे ४५ सेंटीमीटर उंच : तीन पायऱ्या, आणि शेजारी साडेपाच मीटरांचा उतार. बसायला माणसाला साधारण तेवढीच उंची लागते, त्यामुळे जोत्याची कड हाच ओटा. ओट्याला लागून बुटक्या खिडक्या. आत कोण बसले आहे हे बाहेरच्या बाईला आधी दिसावे, म्हणून. स्वच्छतागृहे मागे लपवलेली नाहीत. दाराजवळच, ग्रंथपालाच्या टेबलावरून नजर जाईल अशी. सहलीत पाहिलेले सगळे तिने यात ओतले होते. पणजीची कला अकादमी तिच्या मनात घर करून आहे. चार्ल्स कोरियांच्या त्या इमारतीत रस्त्यावरून शिरावे आणि सावलीसावलीतून सरळ मांडवीच्या काठाकडे जावे, मध्ये दार नाही. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी १९६६ मध्ये उभारलेले आर्किटेक्चरचे विद्यालयही असेच मोकळे. विटांच्या भिंतींखालून वारा आणि मुले दोन्ही ये-जा करतात. मला स्वतःला मुंबईचे डेव्हिड ससून वाचनालय आठवले, व्हरांड्यातल्या त्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांसह. तिथे मी एकदा वाचता वाचता झोपलो होतो. हे मी तिला सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये तिचे कागद घेऊन मी समितीच्या बैठकीला गेलो. माझे भाषण ऐकून घेतल्यावर आमचे खजिनदार बोलले. सत्तरी ओलांडलेला, वाचनालयासाठी स्वतःचे पेट्रोल जाळणारा माणूस. ते म्हणाले, 'सर, चित्र छान आहे. पण १९६७ च्या कायद्याने अनुदान मिळतं ते आपल्या वर्गाप्रमाणे, आणि येतं तेव्हा येतं. ग्रंथपालाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. आठ गाळ्यांचं भाडं बंद केलंत, तर ओट्यावर बसून तो काय खाईल?'

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्याजवळही नव्हते. मी फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्याच खजिनदारांना फोन लावला आणि हिशेब मागून घेतला. पगार किती, वीज किती, गाळ्याला भाडे काय मिळेल. त्यांनीही न कंटाळता सगळे आकडे दिले. आठ दिवस टेबलावर पुन्हा कटर चालले. बाजूच्या गल्लीकडे तोंड करून चार गाळे निघाले, आणि सभागृह वर गेले. तिथे लग्नकार्याचे भाडे येईल, आणि लिफ्ट त्या भाड्यातून दुसऱ्या वर्षी. चार गाळ्यांनी पगार निघतो, वीज निघत नाही. 'वीज सभागृहातून काढा,' असे खजिनदारांनी स्वतःच सुचवले. ओटा मात्र तीन मीटरांनी आखूड झाला. त्या तीन मीटरांसाठी ती एक दिवस जेवली नाही.

परीक्षकांनी तिला विचारले, मोटारी कुठे लावणार? आणि दर्शनी बाजू फार साधी आहे, असेही म्हणाले. पास झाली, फार वरचे गुण नाहीत. समितीने निर्णय दिवाळीनंतरवर टाकला आहे. माझी पहिली सही मी लेखी पत्राने मागे घेतली; त्यावर दोन सभासद माझ्याशी बोलत नाहीत.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी आईला घेऊन गावी गेलो. त्या उंच दगडी पायऱ्या तिला आता मुळीच चढवत नाहीत. ती ओट्यावर बसली. जुने अंक बाहेर न्यायचे नाहीत असा नियम आहे. ग्रंथपालाने नियम आणि ओटा यांच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि १९८६ आणि १९८७ चे दोन गठ्ठे माझ्या हातावर ठेवले. बाहेर बाजार भरला होता. मी एकेक अंक उघडून गोष्टींची नावे वाचायचो, आई मान हलवायची. साडेचारपर्यंत १९८६ संपले. चित्र रंगीत होते, असे तिला मध्येच आठवले; सासऱ्याच्या हातात छत्री होती म्हणे. १९८७ च्या गठ्ठ्याची दोरी मी सोडली तेव्हा पलीकडची भाजीवाली सरकून आईशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, 'मावशी, काय शोधताय?'