खेकड्याचं बुकिंग

परवा बाबांसाठी एक इंजिन बुक केलं. खरं नव्हे हो, ८७ पट लहान! एचओ मापाचं, स्विस 'क्रोकोडाइल'.

बाबांचं बालपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समधलं. जीआयपी रेल्वेने १९२८ पासून आणलेली डब्ल्यूसीजी-१ ही विजेची इंजिनं बोरघाटात ते रोज बघायचे. लोक त्याला 'खेकडा' म्हणत. उभं असलं की कण्हायचं, धावताना डुलायचं! पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातली. गॉटहार्ड मार्गावरची क्रोकोडाइलही तिथलीच, म्हणजे भावंडंच म्हणा ना.

या छंदात दुकानात जाऊन हवं ते उचललं, असं होत नाही. कंपनी मॉडेल जाहीर करते, दुकानांमार्फत मागणी गोळा करते आणि साधारण तेवढेच नग काढते. साचे महागडे, पडून राहिलेला माल त्याहून महाग. पुन्हा कधी काढतील, नेम नाही. चार वर्षांपूर्वी मी "एवढे पैसे खेळण्याला?" म्हणत महिनाभर घोळ घातला आणि मुदत संपली. बाबा तेव्हा ७९ वर्षांचे होते.

या वेळी जाहीर झालं त्याच रात्री आगाऊ रक्कम भरली आणि फोन लावला.

"कधी येणार?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत म्हणतायत. उशीरही होतो कधीकधी."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "गाडी लेट असायचीच रे. आपण फलाटावर असलो म्हणजे झालं."

असो. रूळ मात्र मी आत्ताच आणून ठेवलेत.