फॉल काढून द्या, काकू

दारव्ह्याच्या आमच्या घरात ट्यूबलाइटखाली साडी धरून उभी असलेली आई मला अजून दिसते. दोन्ही हातांत काठ ताणून, मान जराशी वाकडी करून ती साडीच्या आरपार उजेड बघायची. खुर्चीच्या टोकावर कुणी शेजारीण श्वास धरून बसलेली असायची. मग आई निकाल द्यायची, "दिसतात वं भोकं. दुकानदार आंधळा थोडाच हाय?"

आई फॉल-पिकोची कामं करायची. खिडकीत पुठ्ठ्याची पाटी, आत शिलाई मशीन आणि दोरीवर टांगलेले नाना रंगांचे फॉल. पण पाटीवर न लिहिलेलं एक काम तिच्याकडे यायचं, लावलेला फॉल काढून देण्याचं. दुकानात अबोली वाटलेला रंग घरी आल्यावर विटकरी निघायचा. नणंद नाक मुरडायची. किंवा तीच साडी यवतमाळच्या मेन लाइनमध्ये स्वस्त मिळाल्याचं कुणीतरी सांगायचं. दुकानदार साडी बदलून देणार, पण फॉल लावलेली नाही. तेव्हा या साडीला कधी सुई लागलीच नव्हती असं दिसायला हवं, आणि ते आईनं करून द्यायचं.

ब्लेड ती वापरत नसे. फॉलाची वरची कड हातशिलाईची, ती सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून सोडवायची. खालच्या मशीनच्या टिपेला दर पाचसहा टाक्यांनी दोरा तोडायचा आणि उलट्या बाजूचा दोरा अलगद ओढायचा. तो लांबच्या लांब निघून यायचा. मग नखानं भोकांवरून उभं-आडवं घासायचं, म्हणजे बाजूला सरकलेले धागे आपल्या जागी येतात. त्यावर ओलसर फडकं आणि इस्त्री. सुती साडी समजूतदार असते, एवढ्यात विसरून जाते. सिल्क डूख धरते, असं आई म्हणायची. आणि पिको झालेला असेल तर ती साडी हातातही घेत नसे. पिकोच्या दोऱ्यानं कड बांधलेली असते. तो दोरा सोडवला की साडीचेच धागे सुटायला लागतात.

मोठेपणी मी तिला एकदा विचारलं, ही फसवणूक नाही का? तिनं सुई तोंडातून काढली. "मी फॉल काढून देतो. खोटं त्या बोलतात. त्याचे पैसे मी घेत नाही."

दुकानदाराची बाजूही मला पुढे कळत गेली. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं ते वाक्य, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, आपण सगळे वाचत मोठे झालो. कायद्याला ते आता मान्य नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बिलावर मुदत लिहिली असेल ती, नसेल तर ३० दिवस. पण कायदा बोलतो ते सदोष मालाबद्दल. साडीत दोष नसतो आणि नणंदेचं नाक कायद्याच्या कक्षेत येत नाही. आपण घरी नेऊन वस्तूला कात्री लावली, सुई लावली, की तिचं कोरेपण आपणच संपवलेलं असतं. ते दुकानदारानं का सोसावं?

एकदा बोरी अरबहून एक बाई साडी घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान दारातच उभे. आई फॉल काढत होती, ते बघत होते. मग हसून म्हणाले, "तुमचं बरं हाय काकू. फॉल काढला की साडी कोरी. आमी पेरलेलं बी मातीतून वेचून पुडीत भरून दाखवाव काय कृषी केंद्रवाल्याले?" कुणी हसलं नाही. आमच्या जिल्ह्यात त्यावर हसणारा माणूस सापडायचा नाही. पेरणीइतका मोठा बदल दुसऱ्या कुठल्या विकत घेतलेल्या वस्तूत आपण करतो? आंध्रातल्या शेतकऱ्यांचा सदोष बियाण्याबद्दलचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बियाणं प्रयोगशाळेत तपासलं नाही, मग तक्रार कशी टिकेल, असं राष्ट्रीय बीज निगमाचं म्हणणं होतं. सगळं बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्यानं तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच चूक आहे, हे न्यायालयानं २०१२ साली मान्य केलं. ती बातमी वाचली तेव्हा मला दारात उभे असलेले ते गृहस्थ आठवले.

साडीला मात्र कोरी राहण्याचा मार्ग आहे. कपाटात निजायचं, घडी मोडू द्यायची नाही. आहेरात आलेल्या कितीतरी साड्या अशाच जगतात. या घरच्या लग्नात आलेली त्या घरच्या बारशाला जाते, तिथून कुणाच्या डोहाळजेवणाला. ओटीच्या खणांचं तर विचारूच नका. एक मोरपंखी खण आमच्या घरून गेला आणि तीन वर्षांनी आमच्याच घरी परत आला. कोपऱ्यावर आईच्या हातून सांडलेल्या हळदीचा डाग होता, म्हणून ओळखला. आईनं त्याच दिवशी तो कापून माझं पोलकं शिवलं. "लय फिरला बिचारा," म्हणाली.

लग्नाच्या कापडखरेदीला आमच्याकडे बस्ता फाडणं म्हणतात. ताग्यातून कापड टर्रकन फाडून देण्याच्या दिवसांतला तो शब्द असावा. आता सगळं घडी घातलेलं, पिशवीत भरलेलं मिळतं, पण शब्द फाडण्याचाच राहिला. फाडलेलं परत जोडता येत नाही हे बोलणाऱ्यांना ठाऊक असणार.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीची सोयरीक कुंकवाच्या कार्यक्रमानंतर मोडली. का मोडली, याचं प्रत्येक घरात वेगळं कारण होतं. मुलाकडच्यांनी अंगठी, पैंजण आणि कुंकवाची साडी मागितली. त्या रात्री मुलीची आई आमच्याकडे आली. वांगी रंगाची साडी, काठ बारीक जरीचा. आईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि साडी उजेडात धरली. नेसलेली साडी, पदराला कुंकवाचा ठिपका. दुकानात जाणारच नव्हती ती. आईनं विचारलं, मग फॉल कायले काढायचा? दुसऱ्याच्या घरी तर द्यायची हाय.

"फॉल आपल्या पैशाचा हाय काकू," ती बाई म्हणाली. "दोरा तुमच्या हातचा. त्यांच्या घरी काऊन जावा?"

आई त्यावर काही बोलली नाही. सुई घेऊन बसली. इतर वेळी भोकं बुजवायला ती जेवढा वेळ लावायची, तेवढाच त्या रात्रीही लावला, कुणी बघणार नसताना. फॉल धुऊन, गुंडाळून त्या बाईच्या हातात दिला. मग प्रश्न आला ब्लाऊजचा. ब्लाऊजपीस साडीतलाच, म्हणजे कापड त्यांचं. शिलाई आमच्या आईची आणि माप त्या मुलीचं. तिची आई म्हणत होती, तेही देऊन टाकू, घरात नको. माझी आई म्हणाली, "मापाचं हाय. तिकडं कोनाले होईल ते?" ब्लाऊज राहिला. साडी सव्वासहा मीटरची आली होती, साडेपाचाची परत गेली. त्यांनी मोजली की नाही, कोण जाणे.

ब्लाऊज शिवताना आई प्रत्येक बाजूला तीन टिपा घालायची. टिपेच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड म्हणजे माया. शिंप्याच्या तोंडी हा शब्द इतका साधा आहे की त्यातलं काही त्याला सांगायला जाऊ नये. रेडिमेड कपड्यांत ती जवळजवळ नसतेच. कारखान्यात बोटभर कापड वाचवलं की हजार नगांत त्याचा हिशेब होतो.

गेल्या वर्षी यवतमाळात मुलासाठी जीन्स घेतली. इकडचा कापूस, आमच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विणलं जाणारं डेनिम, तरीही ती पॅन्ट कुठून कुठून फिरून आली असेल ते कंपनीलाच ठाऊक. आमच्या कापसाला फिरायची सवय जुनी. शकुंतला रेल्वेच्या डब्यांतून दारव्ह्यावरून मूर्तिजापूर, तिथून मुंबई, तिथून विलायत. त्या गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ सालचं, मँचेस्टरहून आलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. आपण कापूस देत राहिलो, ते कापड देत राहिले. ती अदलाबदल कुणी आपल्याला विचारून केली नव्हती. असो. जीन्स चार बोटं लांब झाली. रस्त्याकडेच्या टेलरकडून मोहरी कमी करून घेतली आणि घरी आल्यावर पाहिलं तर कंबरेत घट्ट. दुकानात गेले. माणसानं पॅन्ट उलटीही केली नाही, नुसता मोहरीकडे अंगठा दाखवला. मी मुकाट्यानं टेलरकडे परत आले. तो म्हणाला, "कापली कुठं ताई? दुमडली हाय. वाढतं पोरगं, कापून कसं चालंल?" टीप उसवली, मोहरी खाली आली. दुमडीच्या जागी एक फिकट रेघ तेवढी राहिली. दुकानदारानं ती रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या मापाची पॅन्ट काढून दिली. त्याच्या आईनंही कुणाचे फॉल काढून दिले असतील काय, असा विचार मनात आला.

त्या गल्लीतल्या मुलीचं पुढे दिग्रसला लग्न झालं. दोन लेकरं झाली. एका दिवाळीत माहेरी आली तेव्हा पिशवीत तो वांगी ब्लाऊज होता. तो ती इतकी वर्षं दुसऱ्या साड्यांवर घालत होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं. "दोन्हीकडून एकेक टीप उसवा वो काकू. होत नाही आता."

आईची नजर तोवर अधू झाली होती, सुई मी ओवून दिली. टीप उसवली, माया बाहेर आली. काखेखाली दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा, गर्द, नुकता ताग्यातून काढल्यासारखा. बाकी सगळा ब्लाऊज त्याच्यापुढे राखाडी दिसायला लागला. ती बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली.

"असा होता काय वो याचा रंग?"

आईनं दोरा दातानं तोडला. "व्हय. तू उन्हात वाळवत असशीन."