लाईट जाते तेव्हा...

शिनोलीत पावसाळ्यात लाईट गेली की घराघरातून एकच आवाज, "गेली परत!" वैताग मलाही येतो. पण मंडळी, पुष्कळदा ती गेलेली नसते, मुद्दाम तोडलेली असते.

वाऱ्याने फांदी ११ केव्हीच्या तारांवर पडली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की प्रवाह क्षणात कित्येक पटींनी वाढतो. उपकेंद्रातला रिले ते ओळखतो आणि ब्रेकरला हुकूम देतो. ब्रेकरचे संपर्क झटक्यात दूर होतात. तरी वीज सहजी सुटत नाही; मधल्या फटीतून जाळ होऊन वाहत राहते. आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. तो क्षण साधून जाळ विझवायचा आणि पुन्हा पेटू द्यायचा नाही, हीच ब्रेकरची खरी करामत. व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये हे निर्वात नळीत घडतं.

गावातल्या डीपीत बऱ्याचदा हेच काम फ्यूजची बारीक तार करते. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की ती वितळते. मग कोणीतरी जाड तार गुंडाळतं, "आता उडणार नाही बघ!" खरंय, फ्यूज उडत नाही. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीला पीक वाळतं. त्याहून वाईट म्हणजे, तुटलेली तार बांधावर जिवंतच राहण्याचा धोका वाढतो.

म्हणून सुट्टीला गावी याल आणि कोणी जाड तार घेऊन डीपीकडे निघालेलं दिसलं, तर अडवा. काका-दादा म्हणून, पण अडवा. वायरमन येईपर्यंत अंधारात बसलेलं परवडलं.