साठ शब्दांची पत्रिका

लग्नाची पत्रिका घरीच तयार करायची, असे आमच्या पुतणीने जाहीर केले तेव्हा मला मनातून आनंदच झाला. कार्यालय, जेवण, दागिने यांबाबत माझे मत कोणी विचारलेले नव्हते. पण मजकूर म्हटला की तो लिहिणार कोण? अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे.

बेतामागचे कारण साधे होते. नारायण पेठेतली चार दुकाने मायलेकींनी पालथी घातली होती. एके ठिकाणी मखमली पेटी उघडली की आत गणपती उभा राहत होता आणि त्याच्या पायाशी बदामांसाठी कप्पे होते! त्यातल्या त्यात बरी पत्रिका ३५ रुपयांना एक. यादी पाचशे माणसांची. पण पत्रिका माणसाला जात नाही, घराला जाते. घरे मोजली तेव्हा ती दोनशे भरली. तरी सात हजार झालेच, आणि वहिनींनी वहीत पत्रिकेसाठी तीन हजार मांडले होते. वहिनींच्या वहीतला आकडा सहसा हलत नाही. दादा गेला तेव्हा पुतणी चौथीत होती; तेव्हापासून वहिनींच्या नोकरीवर आणि त्या वहीवर ते घर चालले आहे.

पुतणीने हातकागद निवडला. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद. २२ बाय ३० इंचांचा एक ताव. तो दोन्ही अंगांनी चार-चार भागांत कापला की साडेपाच बाय साडेसातच्या सोळा पत्रिका निघतात. म्हणजे तेरा तावांत काम भागते. वर आठ उरतात, त्या छपाईत बिघडायला ठेवायच्या. पाकीट नाहीच, पाठीवर निमंत्रितांचे नाव लिहायचे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक छापून पाहिली, तर त्या खडबडीत अंगावर शाई धरेना. बोट फिरवले की मात्रा बोटाला लागून येई. मग स्क्रीन प्रिंटिंग करायचे ठरले. तिथे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी आणि वेगळे पैसे, म्हणून रंग एकच, कुंकवाचा.

छापणारे गृहस्थ मुरलेले होते. म्हणाले, "सर, या कागदावर बारीक अक्षर भरून येतं. अनुस्वार पसरतो. अक्षर मोठं ठेवा आणि मजकूर थोडा."

"थोडा म्हणजे?"

"साठ शब्द."

माझा मसुदा १७० शब्दांचा होता! मग कात्री चालली. 'आमचे येथे श्रीकृपेंकरून' या आरंभावर माझा फार जीव. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून घालवले, पण लग्नपत्रिकांनी साहित्य महामंडळालाही दाद दिली नाही, हे मी वर्गात रंगवून सांगत असतो. पुतणी म्हणाली, "काका, नुसतं 'आमच्याकडे' चालणार नाही का?" गेला तो अनुस्वार. 'सहकुटुंब सहपरिवार' यांतला परिवार गेला. मामा, मावश्या, आत्या मिळून ४३ शब्द होते, ते सगळे गेले. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली जी तीन चिमुकली नावे होती, त्यांतले एक सध्या इंजिनिअरिंगला आहे, तेही गेले. शेवटी मजकूर ५८ शब्दांवर आणून मी विजयी मुद्रेने तिच्या हाती दिला.

तिने तो दोनदा वाचला. "काका, यात आई कुठे आहे?"

मी कागद परत घेतला. 'कै.' लावून दादाचे नाव होते. निमंत्रक म्हणून माझे आणि आमच्या सौ.चे होते. वहिनींचे नाव त्या ५८ शब्दांत नव्हते. आणि खरे सांगायचे तर १७० शब्दांतही नव्हते. मी ते गाळले नव्हते, मला ते सुचलेच नव्हते. आजवर पाहिलेल्या पत्रिकांच्या वळणावर हात आपोआप चालत गेला होता. आणि हाच मी दरवर्षी आगरकर शिकवतो, तावातावाने.

नवा मसुदा वहिनींच्या नावानेच सुरू झाला. निमंत्रक त्या एकट्या. आम्ही उभयता मामा-मावश्यांच्या वाटेने गेलो.

दुसऱ्याच दिवशी नाशिकहून आत्याचा फोन. "पहिलंच नाव तिचं? तुम्ही दोघं जोडीनं असताना? तू आता थोरला आहेस घरात!"

"आत्या, शब्द साठच बसतात," मी म्हणालो. उत्तर भित्रे होते. बोलतानाच ते कळत होते. रात्री पुन्हा फोन लावला आणि सांगितले की जागा असती तरी नाव वहिनींचेच राहिले असते, लग्न त्यांनी उभे केले आहे. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला छापील पाठव हो. ते मोबाइलवर नको."

छापून आलेला पहिला नमुना वहिनींनी पदराला हात पुसून, चष्मा लावून वाचला. नावाच्या ओळीवर बोट थांबले. "एवढं मोठं अक्षर कशाला?" त्या म्हणाल्या. "एखादा मामा बसला असता." मग वही काढून त्यांनी २,७४० हा आकडा लिहिला आणि समोरच्या तीन हजारांतून वजा केला.

पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवून आलो. आठ जास्तीच्या पत्रिकांपैकी पाच छपाईत बिघडल्या. दोन आयत्या वेळच्या निमंत्रणांना गेल्या. उरलेली एक परवा वहिनींच्या वहीत दिसली, त्या २६० रुपयांच्या पानावर.