खाट मिळण्यापूर्वीचे तास

बँकेत 36 वर्षे नोकरी केल्यामुळे प्रतीक्षा या गोष्टीची मला सवय होती. कर्जाचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात चार दिवस पडून राहिला, तरी त्यात फारसे काही बिघडत नाही. गंभीर आजाराचे मात्र तसे नसते. तेथे वाया गेलेला तास परत मिळत नाही.

अतिदक्षता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेचे बंद दार आणि यंत्रांनी भरलेली खोली उभी राहते. तिचा उगम मात्र वेगळा आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या गळ्यात नळी बसवून हाताने श्वास देण्याचा मार्ग स्वीकारला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रबरी पिशवी दाबत राहिले. रुग्णाजवळून न हलणारे माणूस, हेच अतिदक्षतेचे मूळ रूप होय.

गेल्या पावसाळ्यात याचा प्रत्यय आमच्या कुटुंबास आला. माझ्या 71 वर्षांच्या वहिनींना मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने ग्रासले. हुडहुडी भरली, बोलणे असंबद्ध झाले, रक्तदाब खालावला. रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा वरच्या मजल्यावरील अतिदक्षता विभागात एकही खाट रिकामी नव्हती. पुतण्याने दुसरीकडे हलविण्याचा आग्रह धरला. तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, “दादा, या रक्तदाबावर काकूंना हलवणे धोक्याचे आहे. खाट मिळेल तेव्हा मिळेल, उपचार आत्ताच सुरू करतो.” रक्ताचे नमुने, प्रतिजैविक, सलाईन, रक्तदाब वाढविणारे औषध, हे सारे त्यांनी तासाभरात केले.

तेवढ्यात दारात दोन रुग्णवाहिका येऊन थांबल्या आणि डॉक्टरांना उठावे लागले. उरलेल्या एकट्या परिचारिकेकडे आणखी पाच रुग्ण होते. वर खाट मिळेपर्यंत सात तास गेले. वहिनी बाराव्या दिवशी घरी आल्या. परंतु त्या सात तासांत उणीव ज्ञानाची वा औषधांची नव्हती, मनुष्यबळाची होती.

या उणिवेवर एक उपाय अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात केला गेला. तेथे फेब्रुवारी 2015 मध्ये तातडीच्या विभागालाच जोडून अतिदक्षता कक्ष सुरू झाला. त्यासाठी स्वतंत्र डॉक्टर व परिचारिका नेमण्यात आल्या. आधीच्या व नंतरच्या काळातील सुमारे साडेतीन लाख रुग्णभेटींची तुलना 2019 साली प्रसिद्ध झाली. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांचे तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 2.13 टक्क्यांवरून 1.83 टक्क्यांवर आले होते, म्हणजे दर हजारी तीन मृत्यू कमी. वरच्या अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही 3.2 वरून 2.7 टक्क्यांवर उतरले. काही रुग्ण खालीच इतके सावरत की वरची खाट त्यांना लागतच नसे. अशा तुलनेतून सारे श्रेय त्या कक्षालाच देता येत नाही, तरी दिशा स्पष्ट दिसते.

आपल्या गावोगावच्या धर्मादाय रुग्णालयांना एवढा खर्च झेपणार नाही, हे मी जाणतो. तथापि एक हिशेब मांडावासा वाटतो. आपण देणगी देतो ती बहुधा इमारतीला वा यंत्राला, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. हा भांडवली खर्च झाला. रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार हा महसुली खर्च. त्याला पाटी नसते, म्हणून दाताही मिळत नाही. दहा-बारा कुटुंबांनी मिळून एक कायम ठेव उभारावी आणि तिच्या व्याजातून तातडीच्या विभागात एक जादा प्रशिक्षित परिचारिका नेमावी. मुद्दल सुरक्षित राहील आणि अत्यवस्थ रुग्णाजवळ रात्रभर एक माणूस राहील.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत वाचकांनी एवढेच विचारावे: आपल्या रुग्णालयात रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात किती परिचारिका असतात?